घरं नसलेली गल्ली

— नाही हो, चुकलो नाही आपण, हीच ती गल्ली. सगळ्यांचं असंच होतं इथे, सुरेखाताई. उतरतात, इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, नीताताई, इथे तर नुसतं गवत आहे. म्हटलं, हो, गवतच दाखवायला आणलंय. काल तुम्ही चर्च बघितलंत ना, ट्रॅममध्ये बसलात, नदीत ती टोपीवाल्या नावाड्यांची होडी — झाली? मग झालं तर. ते ख्राइस्टचर्च कुणीही दाखवतं. माझी टूर ही अशी, चालायची. गाडी त्या टोकाला येते, आपण या टोकापासून चालत जायचं, वाटेत बोलायचं. मुलांकडे महिनोन्‌महिने राहायला आलेल्या आईवडिलांसाठी सुरू केली मी ही, मराठीतून — मुलं सकाळी कामावर जातात, आणि ही माणसं खिडकीतून समोरच्याचं लॉन बघत बसतात. म्हटलं, त्यापेक्षा माझ्याबरोबर या, दुसरं लॉन दाखवते. सँडल बरी आहे ना तुमची? गवत ओलं असेल अजून. इथे जँडल्स म्हणतात त्या चपला घालून आले होते एक काका गेल्या आठवड्यात, दोनदा घसरले, आणि दोन्ही वेळा म्हणाले, मी बसत होतो.

आता खाली बघा. फुटपाथची कड बघा. सरळ, सरळ, सरळ — आणि इथे उतरती. परत सरळ — आणि इथे परत उतरती. का? कारण इथून गाडी आत जायची. एक उतार म्हणजे एक घर. या गल्लीत सव्वीस उतार आहेत, म्हणजे सव्वीस घरं. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर सरकारने सांगितलं, नदीकाठची ही जमीन आता घरं पेलणार नाही — हजारो घरं विकत घेतली आणि पाडली. रेड झोन म्हणतात याला. घरं गेली, कुंपणं गेली, झाडं मात्र ठेवली. म्हणून झाडांवरून माणसं ओळखायची. हे बघा, तीन गुलाब एका ओळीत — इथे कुणीतरी शिस्तीची बाई राहात होती. हा बांबू — हा नवराबायकोपैकी एकाने लावला आणि दुसऱ्याने जन्मभर शिव्या दिल्या. बांबूचं तसंच असतं. ही सफरचंदं. घ्या ना. खरंच घ्या, कुणी ओरडत नाही, सगळं गाव येतं इथे पिशव्या घेऊन. ते हिरवं नको, ते आंबट, चटणीला बरं. हे घ्या. पुसून घ्या साडी– नाही, साडी कुठे, ड्रेस. सवयीने म्हणाले.

आणि ही नदी. पाट्यांवर एव्हन लिहिलेलं असतं, पण माओरी नाव आहे ओताकारो. ताकारो म्हणजे खेळ. मोठी माणसं इथे मासे पकडायची, चिखलातून इल काढायची, आणि पोरं काठावर खेळायची, म्हणून ते नाव — मला हे एका माओरी आजोबांनी सांगितलं, इथेच, या बाकावर. किया ओरा म्हणून नमस्कार करून बसले आणि तासभर बोलले. इल माहिती आहे ना? आपल्याकडे वाम म्हणतात तसला मासा. वाका इथे, पाण्यात बघा, त्या मुळांपाशी — काळी दिसते ना? ती मादी. साठ-सत्तर वर्षं एका नदीत काढते, आणि मग एक दिवस निघते, थेट समुद्रात, टोंगाच्या बाजूला कुठेतरी, हजारो मैल. तिथे अंडी घालते आणि संपते. कशी ठरवते, कधी निघायचं ते, कुणास ठाऊक. मी विचारलं होतं आजोबांना. ते म्हणाले, पाऊस पडून नदी भरली की. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही.

चला, पुढे चला. हा उतार, हा उतार, इथे एक पोस्टाची पेटी होती बरेच दिवस, घर गेल्यावरही उभी होती, लोक त्यात फुलं ठेवायचे. आणि इथे — इथे नको, इथे ओल आहे, पुढे जाऊ.

हे लिंबाचं झाड? हो, चांगलं आहे. हो, छाटलेलं आहे कुणीतरी. कुणी म्हणजे — मीच छाटते. दर सप्टेंबरला. नाही, सगळी झाडं नाही छाटत, एवढंच. बरं, आता विचारलंतच तर — हे आमचं. हा उतार आमचा, बारा नंबर. इथे दार, इथे पायरी, तुम्ही उभ्या आहात ते माझं स्वयंपाकघर. ओट्यावर उभ्या आहात जवळजवळ. टूरमध्ये मी हे सांगत नाही एरवी. इथून मी सगळ्यांना ओल आहे सांगून पुढे नेते.

सांगते, त्यात लपवण्यासारखं काय आहे. आम्ही सांगलीचे. गुरुनाथ — माझा नवरा, आता गाडी घेऊन येईल तो — पाटबंधारे खात्यात इंजिनियर. अठरा वर्षं कालवे बांधले त्याने. मी फार्मसिस्ट. इथे आलो दोन हजार एकमध्ये, आमची मुलगी सुखदा तेव्हा आठ वर्षांची. मी इथली परीक्षा दिली, दीड वर्षात दुकानात लागले. आणि याला प्रत्येक ठिकाणी एकच — लोकल एक्सपिरियन्स आहे का? नाही. मग येऊ द्या अनुभव, मग या. शेवटी एका हार्डवेअरच्या दुकानात लागला, लाकूड कापून द्यायच्या विभागात. तात्पुरतं म्हणून. ते तात्पुरतं नऊ वर्षं चाललं. आणि या माणसाने बोलणं बंद केलं. भांडण नाही, दारू नाही, आवाज चढवणं नाही — नुसतं बंद. दूध आणलं की फ्रीजवर कागद लावायचा, ‘दूध आणलं.’ मी खाली लिहायची, ‘बरं.’ एका रविवारी मी मोजले त्याचे शब्द. उठल्यापासून निजेपर्यंत अकरा. त्यात दोन ‘हं’ धरून.

सुखदा घरात होती तोवर तिच्यातून चालायचं आमचं. बाबांना सांग पानं घेतली. आईला सांग भूक नाही. ती बिचारी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, इंग्लिशमध्ये निरोप पोचवायची — मॉम सेज डिनर. मग ती डनेडिनला शिकायला गेली, आणि निरोप्याच गेला. मी वर्षभर काढलं तसं. संध्याकाळी दुकान बंद करून गाडीत बसायची आणि पार्किंगमध्येच बसून राहायची, अर्धा अर्धा तास. रेडिओ ऐकत. घरी जायला काही वाईट नव्हतं हो, हेच तर, काही वाईट नव्हतंच.

मग मी फ्लॅट घेतला. भाड्याने, रिकार्टनला, शहराच्या दुसऱ्या अंगाला. एक खोली, छोटं स्वयंपाकघर, उत्तरेकडे खिडकी — इथे उत्तरेकडून ऊन येतं, आपल्या उलट. कुणाला सांगितलं नाही. सुखदालाही नाही. मंगळवारी जायचं ठरवलं, तो कामावर असताना. बावीस फेब्रुवारी. अर्धी सुटी घेतली, दोन बॅगा भरल्या, साड्या, कपडे, कुकर, मसाल्याचा डबा, सर्टिफिकिटं. बॅगा दाराशी आणून ठेवल्या. आणि ओट्यावर चिठ्ठी ठेवली फळांच्या बाउलखाली. पाठ आहे मला — ‘मी रिकार्टनला राहायला जाते आहे. भांडण नाही. फ्रीजमध्ये भाजी आहे. सुखदाला मी सांगेन.’ तीन वेळा लिहिली, आणि तिन्ही वेळा भाजी आलीच त्यात.

टॅक्सी एक वाजता यायची होती. भूकंप बारा एक्कावन्नला झाला.

सप्टेंबरात एक मोठा झाला होता, त्यात आमची चिमणी पडली, भिंतींना भेगा गेल्या, पण त्याची सवय झाली होती. हा वेगळा. हा खालून फेकत होता. फ्रीज आडवा झाला, कपाटं उघडली, आणि मग जमिनीतून पाणी. राखाडी चिखल, उकळल्यासारखा, अंगणात, घरात, गल्लीत. मी दाराशी होते म्हणून बाहेर पडले, बॅगांसकट. कशाला घेतल्या त्या हातात, मला आजही सांगता येणार नाही. शेजारी बेरिल म्हणून होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी. हा तिचा उतार, शेजारचा. तिचं दार अडकलं होतं. खिडकीची काच फोडून काढलं तिला, मी आणि समोरच्या घरातल्या सामोअन बाईने. बेरिल बाहेर आली आणि पहिलं वाक्य काय, तर — माझी ओव्हनमधली बिस्किटं.

आम्ही तिघी इथे, या लिंबापाशी उभ्या. फोन लागत नाहीत. शहराकडे नुसती धूळ. आणि मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, तो गेला असेल तर त्याने चिठ्ठी वाचली नाही, हे बरं झालं. असं वाटलं मला. बघा माणूस कसा असतो.

साडेतीनला तो आला. चालत, अडीच तास, शहराच्या त्या टोकापासून. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत सिमेंट. त्या तिथून गल्लीत वळला, मला बघितलं, आणि थांबला. मग चालत आला. जवळ आल्यावर त्याची नजर बॅगांवर गेली. आणि म्हणाला — नऊ वर्षांत मला म्हणाला नव्हता एवढं मोठं वाक्य — म्हणाला, ‘शाबास नीता, एवढ्या गडबडीत बॅगा भरल्यास. कपडे तरी वाचले आपले.’

आपले.

मी हं म्हटलं. त्या दिवशी हं माझ्या वाट्याला आलं.

मग रात्री इथेच, अंगणात, सगळे. घरात जायची सोय नाही, धक्के चालू. याला कोरडा शर्ट हवा होता. त्याने एक बॅग उघडली. माझे कपडे. दुसरी उघडली. माझे कपडे, कुकर, मसाल्याचा डबा. टॉर्च होता त्याच्या हातात. बराच वेळ बघत होता. मग नीट चेन लावली दोन्ही बॅगांची, आणि म्हणाला, ‘माझे नंतर काढू आतून.’ आणि सुखदाचं जुनं जाकीट अंगणातल्या दोरीवर होतं, गुलाबी, ते घातलं. अकरा दिवस तो माणूस गुलाबी जाकिटात वावरला.

हसा, हसा. मीही हसते. आणि त्या अकरा दिवसांत काय केलं त्याने? सगळं. चिखल उपसला, आधी बेरिलचा, मग आमचा, मग कुणाकुणाचा. संडास बंद पडले होते सगळ्यांचे, तर याने अंगणात खड्डा खणला, पण कसा — आधी कागदावर प्लॅन काढला. बेरिलला बसता-उठता यावं म्हणून दोन बाजूंना दांडे, वर बागेतली छत्री, आत पुस्तक ठेवायला फळी. लोक बघायला यायचे. मग कुणीतरी विचारलं, गुरू, तुला यातलं कळतं का रे, माझी भिंत बघतोस? त्याने भिंत बघितली. मग दुसऱ्याने विचारलं. मग हा वही घेऊन गल्लीभर हिंडायला लागला — ही चिमणी आज उतरवा, या खोलीत झोपू नका, इथे टेकू द्या. इंग्लिशमध्ये. हात हलवून. मी तिथे गॅसवर खिचडी ढवळत होते तीस माणसांची, आणि ऐकत होते. म्हटलं, हा माणूस सांगलीला राहिला असं मी धरून चालले होते. हा तर इथेच होता, प्लायवूड कापत.

चिठ्ठी? ती फ्रीजखाली गेली. मी दोनदा आत शिरले शोधायला, दोनदा त्याने बाहेर काढलं. नंतर पोरं आली कॉलेजची, फावडी घेऊन, त्यांनी घरातला चिखल ढकलगाड्यांनी नेऊन रस्त्यावर टाकला, त्यात गेली असेल. किंवा नसेल.

नाही, गोष्ट तिथे संपत नाही. बेरिलचं काय करायचं हा प्रश्न होता. तिचं घर कललेलं, मुलगा लंडनला, आणि कुठे नेलं तर तिला इस्पितळाचा वास सोसत नव्हता. अंगणात, तंबूत, खोकायला लागली. आणि रिकार्टनला माझा फ्लॅट रिकामा. धडधाकट, एक तडा नाही, नळाला पाणी, पलंग घातलेला. किल्ली माझ्या पर्समध्ये. तीन दिवस मी ती किल्ली घेऊन खिचडी ढवळली, सुरेखाताई. चौथ्या दिवशी बेरिलला ताप आला. मग म्हटलं गुरुनाथला — माझ्या एका मैत्रिणीचा फ्लॅट रिकामा आहे, तिथे नेऊ या हिला. कुठली मैत्रीण, विचारलं नाही त्याने. मला खिचडी सोडून जाता येत नव्हतं म्हणा, किंवा मी गेले नाही म्हणा. तो गेला तिला घेऊन. आणि घरमालक हौशी निघाला हो. मी येणार म्हणून त्याने पत्रपेटीवर माझं नाव लावून ठेवलं होतं आधीच. सुबक अक्षरात. एन. दाबके.

तिन्हीसांजेला परत आला. मी बघतेच आहे त्याच्याकडे. हात धुतले, पाणी प्यायला, आणि म्हणाला, ‘फ्लॅट छान आहे. ऊन येतं.’ झालं. मग म्हणाला, ‘स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो नीट केला.’

बेरिल तीन वर्षं राहिली तिथे, शेवटपर्यंत. माझ्या नावाच्या पेटीत तिची पत्रं यायची. आम्ही दर रविवारी जायचो. ती पेटी त्याने एकदा रंगवून दिली तिला, आणि नावाभोवतीचा रंग अगदी सांभाळून लावला, पाटी न काढता.

मी कसा शोधला फ्लॅट? — पेपरात जाहिरात बघून. का? नाही, म्हणजे, हे कुणी विचारत नाही. लोक विचारतात भूकंपात भीती वाटली का. तुम्ही विचारताय फ्लॅट कसा शोधला. आणि तुमची अनुया फोनवर म्हणालीच होती की — नाही, काही नाही म्हणाली. बुकिंगचं बोललो आम्ही. बरं, म्हणाली. म्हणाली, आईचं परतीचं तिकीट मार्चचं होतं, तिने ते दोनदा पुढे ढकललं, बाबांचा फोन आला की बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घालते, आणि का ते सांगत नाही. मला म्हणाली, तुम्ही काही विचारू नका. मी विचारतेय का? मी माझंच सांगत सुटलेय मघापासून.

आणि हे बघा, मी तुम्हाला परत जा म्हणत नाही. तसं वाटू देऊ नका मनाला. तो भूकंप दहा मिनिटं उशिरा झाला असता तर मी टॅक्सीत असते, आणि आज त्या फ्लॅटमध्ये असते, आणि मजेत असते कदाचित. कुंडीत तुळस लावली असती. इथे जगतात बायका तशा, हीप्स ऑफ देम, ढिगाने, छान जगतात. मी राहिले ते पतिव्रता म्हणून नाही. त्या अकरा दिवसांत मला उत्सुकता वाटायला लागली याच्याबद्दल, म्हणून राहिले. आता पुढे काय करतो बघू, असं. नंतर त्याला घरं तपासायचं काम मिळालं, दुरुस्तीच्या कंपनीत, निवृत्त होईपर्यंत केलं. गाव परत उभं राहायला लागलं तसा तो परत कमी बोलायला लागला, पण आता मी विचारते. पूर्वी मीही विचारत नव्हते. हे मला फार उशिरा कळलं, की कागदाखाली ‘बरं’ लिहिणारी मीच होते.

नाही. बॅगांबद्दल कधीच बोललो नाही. चौदा वर्षं. या गल्लीत तो पाऊल टाकत नाही, गाडी घेऊन त्या टोकाला थांबतो. पण बावीस फेब्रुवारीला लोक नदीत फुलं सोडतात, तेव्हा येतो काठापर्यंत. या वर्षीही आलो. डेलियाचं फूल होतं त्याच्या हातात, आमच्या नव्या बागेतलं. ते सोडलं पाण्यात. मी माझं सोडलं. आणि पाण्याकडे बघत म्हणाला, मराठीत, अगदी साध्या आवाजात — ‘नीता, मी तेव्हा विचारलं नाही, कारण तू सांगितलं असतंस.’

दोन महिने होतील आता. मी काही बोलले नाही. घरी आलो, भात लावला. रोज वाटतं आज बोलीन, आणि रोज दुसरंच काहीतरी बोलते, विमा, आंब्याचं लोणचं, सुखदाचं नवीन घर. आणि आज तुमच्यापुढे इथे, तुम्ही दोन तासांपूर्वी माझ्या ओळखीच्याही नव्हतात —

ती बघा, आली गाडी. चंदेरी. उतरलाय, हात करतोय. आज लवकर आला. चला, सावकाश, तिथे चिखल आहे — खरंच चिखल आहे. अजून एक ठिकाण दाखवायचं होतं, भूकंपात पिळवटलेला पादचारी पूल, त्याचा तुकडा ठेवलाय नदीकाठी, पण तो उद्या-परवा अनुयाबरोबर बघा, मोफत आहे, पाटी लावलीय. तुम्हाला आधी घरी सोडतो आम्ही. नाही, राग कसला, तुमच्यावर कशाला रागावू? एरवी मी पाहुण्यांना पुढे बसवते, पुढून रस्ता चांगला दिसतो. आज तुम्ही मागे बसाल का? मला पुढे बसायचंय. आणि तुम्हाला सोडल्यावर आम्ही लगेच निघू, चहाला थांबणार नाही. अनुयाला सांगा तसं.